नाकातली नळी आणि अन्नाचा धर्म

शहापूर-मुरबाड तालुक्यांतल्या डोळखांब किंवा टोकावड्याकडच्या एखाद्या पाड्यावर म्हातारं माणूस गिळेनासं झालं, की घरच्यांपुढचा प्रश्न औषधापेक्षा पापपुण्याचा होतो. नाकातून नळी घालून पोटात पेज सोडली नाही, तर आपण त्याला उपाशी मारलं असं होईल का? ‘शेवटी घासभर अन्नही दिलं नाही’ हा बोल जन्मभर पुरतो, म्हणून बहुतेक घरं डॉक्टर म्हणतील त्याला मान हलवतात. माझं म्हणणं असं, की इथे धर्माचा प्रश्न नळीपाशी नसून शुश्रूषेपाशी आहे. नळी घातल्याने कर्तव्य पुरं होत नाही आणि न घातल्याने ते मोडतही नाही. त्या माणसाजवळ जाणता हात आहे की नाही, यावर दोन्ही निर्णयांची नैतिकता ठरते.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. अर्धांगवायूच्या झटक्याने गिळणं गेलेला किंवा मुंबई-नाशिक महामार्गावर डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेला माणूस सावरू शकतो. त्याला काही आठवडे नळीने अन्न देणं म्हणजे त्याच्या आयुष्याला पूल बांधून देणं. तिथे नळी नाकारायला धर्माचा आधार नाही. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातलं किंवा स्मृतिभ्रंशाने पार खंगलेलं शरीर मात्र अन्नावाचून मरत नसतं. ते मरणाकडे निघालेलं असतं म्हणून अन्न नको म्हणतं. अमेरिकेतल्या वार्धक्यतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये सांगितलं, की तीव्र स्मृतिभ्रंशात नळीऐवजी हाताने, सावकाश भरवावं. नळीने आयुष्य वाढल्याचं किंवा अन्न फुफ्फुसात जाणं टळल्याचं दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप श्रद्धेचा आहे: अन्न हे ब्रह्म, ते थांबवणारे आपण कोण? पण तैत्तिरीय उपनिषदातला भृगू अन्नापाशी थांबत नाही. अन्न हे ब्रह्म असं जाणल्यावर तो पुन्हा तपाला बसतो आणि प्राण, मन, विज्ञान असा आनंदापर्यंत जातो. अन्नाचा मान त्यात कमी होत नाही, पण माणूस अन्नापुरताच नाही हेही ठरतं. आपला रिवाजही हेच सांगतो. शेवटच्या घटकेला ओठांवर गंगाजळ आणि तुळशीचं पान ठेवतात, ते भूक भागावी म्हणून नव्हे. देणं कधी थेंबापुरतं करायचं, हे आपल्या घरांना ठाऊक होतं. चरकसंहितेने तर चिकित्सेच्या चार पायांत वैद्य, औषध आणि रोगी यांच्या जोडीने परिचारकालाही बसवलं; त्याच्याकडून सेवेची जाण, कौशल्य, जिव्हाळा आणि शुचिता मागितली.

दुसरा आक्षेप अरुणा शानबाग यांच्या नावाने येतो आणि तो अधिक वजनदार आहे. 27 नोव्हेंबर 1973 च्या हल्ल्याने अंथरुणाला खिळलेल्या आपल्या या सहकारी मैत्रिणीला परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी 18 मे 2015 पर्यंत सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी अरुणाताईंचं अन्न थांबवावं अशी पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका फेटाळली, ती या सेवेकडे पाहूनच. मग नळी सोडा म्हणण्याचा अधिकार कुणाला? पण या प्रकरणातला तपशील बघा. सप्टेंबर 2010 मध्ये ताप येऊन खाणं घटेपर्यंत अरुणाताईंचं अन्न तोंडावाटेच चालू होतं; राइल्स ट्यूब, म्हणजे ही नाकातली नळी, त्यानंतर आली. सदतीस वर्षं त्यांना तगवलं ते घास मऊ करून भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या, पाठीला जखम होऊ न देणाऱ्या हातांनी. तो हात हेच त्या प्रकरणाचं सार मला वाटतं.

असे हात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कुठून आणायचे? नळी घालताना नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घेतात. ती जागेवर आहे का, हे प्रत्येक वेळी अन्न देण्याआधी तपासावं लागतं. उशाकडची बाजू तीसएक अंश तरी उंच हवी, अन्नाआधी आणि नंतर नळीतून स्वच्छ पाणी सोडायला हवं. नळी सरकलेली कळली नाही, तर पेज फुफ्फुसात जाते. ज्या शहापूर तालुक्यातल्या तानसा-भातसाचं पाणी मुंबई पिते, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. आणि हंडा वाहणाऱ्या सुनेवरच हे सगळं येतं. तिला कुणी शिकवलेलं नसेल, तर नळी लावून रुग्णाला घरी धाडणं ही सेवा ठरत नाही.

आता सर्वांत कठीण आक्षेप: हे म्हणणं गरिबांच्या विरोधात वापरलं जाईल. खर्च झेपत नाही म्हणून ‘आता शांतपणे जाऊ द्या’ असं सांगितलं जाईल आणि ते शास्त्राच्या नावाने खपेल. ही भीती खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि 2023 मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी केली, तरी उपचार थांबवायला तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं लागतातच. पाड्यावरच्या घराला ती वाट अजून फार लांब आहे. म्हणूनच, नळी सांभाळायची सोय जिथे नाही, तिथल्या नकाराला मी संमती मानत नाही. नळी नको म्हणणाऱ्या घरालाही कुणीतरी यायला हवं: ओठ ओले ठेवायला, वेदनेवर औषध द्यायला, कूस बदलायला शिकवायला. नळी लावून किंवा न लावता, रुग्ण घरी निघण्याआधी घरच्या एका माणसाच्या हातून हे सारं करून घेणं आणि पुढे उपकेंद्राच्या परिचारिकेने त्या घरी जात राहणं, एवढं मागायला कुठल्याही मंडळाची परवानगी लागत नाही.