कासरा हातून सुटल्यावर

पूर्वी घरातील वृद्धाच्या हातून बैलगाडीचा कासरा मुलाच्या हाती जाई, तेव्हा बाप त्याच गाडीत मागे बसे. शिवाय बैल वाट ओळखीत, म्हणून पुष्कळ म्हातारे अखेरपर्यंत गाडी हाकीत. मोटारसायकलीचे तसे नाही. नजर मंदावली, हात कापू लागला, म्हणजे ती सोडावीच लागते. आणि सोडणाऱ्यास मागे बसवून घेण्यास कोणास सवड नसते.

परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी दोन वर्षांपूर्वी आम्हीच आमच्या वडिलांच्या हातून किल्ली घेतली. वय ७६, फाट्याच्या वळणावर ते घसरून पडले होते. त्या वेळी आम्ही वचन दिले, "बाबा, तुम्ही म्हणाल तेथे नेऊ." ते वचन आम्ही अर्धेच पाळले. दवाखान्यात नेले, पेन्शनीकरिता बँकेत नेले. पूर्णेस त्यांचा एक जुना सोबती राहतो. त्याच्याकडे जावयाचे आहे असे ते म्हणाले, तेव्हा आम्ही विचारले, "काय काम आहे?" असे तीनचार वेळा झाले, आणि मग त्यांनी सांगणेच सोडले. आम्हांस वाटले, आता त्यांचे मन घरात रमले. एके सायंकाळी ते फाट्यावरच्या निंबाखाली येणाऱ्याजाणाऱ्या एस.टी. पाहात बसलेले आढळले. आम्हांस पाहून म्हणाले, "कामाला तर तू नेतोसच रे. मला बिनकामाचं जायचं आहे."

किल्ली घेणे हा अन्याय होता काय? नाही. रस्त्यावरून चालणाऱ्या परक्या लेकराचाही जीव जपणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु किल्ली घेणारा त्याच क्षणी ऋणी होतो. त्याने नुसते वाहन घेतलेले नसते. मनात आले की उठून जाण्याची मुभा घेतलेली असते. ती दुसऱ्या रूपाने परत केलीच पाहिजे. हे दान नव्हे, देणे आहे.

या देण्याचा काही भाग राज्याने उचलला आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांस राज्यात एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. ६५ ते ७५ वयाच्यांस अर्धे तिकीट आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांसही अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. परंतु घरापासून फाट्यापर्यंतची वाट, पावसाळ्यात पाय धरून ठेवणारी काळी माती आणि एस.टी.ची उंच पायरी, यांवर तिकिटाचा उपाय चालत नाही. तेथे माणूसच लागतो.

गरीब वृद्धांच्या निवृत्तिवेतनास सरकारने श्रावणबाळाचे नाव दिले आहे. त्या कथेत एक मर्म आहे. श्रावणाने आईबापांस कावडीत बसवून नेले ते वैद्याच्या दारी नव्हे. त्यांच्या मनात यात्रा होती, तिकडे नेले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पेत्राच्या म्हातारपणाविषयी प्रभू बोलतो, तेथे याच्या उलट दुःख आहे: नेणारा दुसरा, आणि जाणे मनाविरुद्ध. वृद्धास कोठेही नेणे म्हणजे सेवा असे आपण समजतो; पण त्याच्या इच्छेस विचारल्यावाचून केलेली सेवा ओझे वाहण्यासारखीच होते.

म्हणून आमची विनंती साधी आहे. ज्या तरुणाजवळ मोटारसायकल आहे त्याने आठवड्यातून एक फेरी शेजारच्या वृद्धासाठी राखावी. फाट्यावर सोडावे, पायरी चढताना हात द्यावा, आणि परतीच्या गाडीला पुन्हा तेथे उभे राहावे. ज्यांची मुले पुण्यामुंबईस गेली आहेत त्यांची विचारपूस आधी व्हावी. ओळखपत्र त्यांच्याच खिशात असू द्यावे, कंडक्टराशी त्यांनाच बोलू द्यावे. आणि "काय काम आहे?" असे न विचारता "केव्हा निघायचे?" एवढेच विचारावे.

गेल्या महिन्यात आमचे वडील एकटे पूर्णेस जाऊन आले. सोबत्याविषयी ते फारसे बोलले नाहीत. खिडकीजवळची जागा मिळाली, हे मात्र दोनदा सांगितले. वाचकहो, आपल्या घरी कोणी सांगणे सोडून दिले आहे काय, याचा आजच शोध घ्यावा.