वहीतला एक आकडा

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जॉन लुईस यांचं मोठं दुकान होतं. त्यांचा मुलगा स्पीडन, जन्म 1885 चा. हिशेब चाळताना त्याला एक आकडा खुपला. सगळ्या नोकरांच्या एकत्र पगारापेक्षा बाप आणि दोन मुलगे मिळून जास्त पैसा घरी नेत होते! 1909 मध्ये घोड्यावरून पडून तो दीर्घकाळ अंथरुणाला खिळला. त्या दिवसांत हा आकडा मनात घोळत राहिला.

1914 साली वडिलांनी 'पीटर जोन्स' हे डबघाईला आलेलं दुकान त्याच्या हवाली केलं. त्यानं कामाचे तास कमी केले, 1920 पासून नफा वाटायला घेतला. मला मात्र सगळ्यात धीराची वाटते ती 1918 ची गोष्ट. त्यानं दुकानाचं स्वतःचं पत्रक काढलं. कुणीही नाव न देता तक्रार लिहावी, साहेबानं छापील उत्तर द्यावं! मालकाला किती जड गेलं असेल ते.

वडील गेल्यावर, 1929 मध्ये त्यानं धंदा कामगारांसाठी विश्वस्त निधीकडे सोपवला. तिथे काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला आजही भागीदार म्हणतात.