मधलं दार

एका गावात एक चौसोपी वाडा होता. दोन भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा चौकात मधोमध विटांची भिंत उभी राहिली. भिंतीत एक दार ठेवलं होतं. त्याला दोन्ही बाजूंनी कड्या होत्या. कड्या गंजल्या, पण कोणी काढल्या नाहीत.

पुढे वाडा पाडायचं ठरलं. थोरल्याची नात वास्तुकला शिकत होती. पाडण्याआधी तिला वाड्याची मापं घ्यायची होती. पण कुजलेल्या माळ्यावर चढायला आजोबांनी मनाई केली. तेव्हा तिने त्यांना माइडेनबावरची हकिगत सांगितली. १८५८ मध्ये जर्मनीत वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना हा तरुण वास्तुविशारद उंचावरून पडता पडता वाचला, आणि हे काम फोटोंवरूनच करायचं त्याच्या मनाने घेतलं. आता तर संगणक फोटोंवरून अख्खा वाडा उभा करतो.

बाहेर चहूकडून घरं दाटली होती, म्हणून फोटो आतूनच काढले. थोरल्याच्या बाजूचे नातीने काढले, धाकट्याने आपल्या बाजूचे नातवाकडून काढून घेतले. सगळे फोटो तिने कोलमॅप नावाच्या सॉफ्टवेअरला दिले. रात्रभर संगणकाचा पंखा घरघरत राहिला.

सकाळी पडद्यावर वाड्याचे दोन तुकडे आले. एकात खांबावरच्या केळफुलाची पाकळीन् पाकळी दिसत होती. दुसऱ्यात कोनाड्यातली काजळीसुद्धा उमटली होती. पण ते जोडता जोडेनात.

"फोटो कमी पडले का?" थोरल्याने विचारलं.

"नाही आजोबा. सॉफ्टवेअर वेगवेगळ्या फोटोंत एकच खूण शोधतं. दगडाचा टवका, लाकडाची गाठ, असलं काही. जागा बदलली की ती खूण किती सरकते, त्यावरून त्याला खोली कळते. म्हणून एका फोटोतलं निम्म्याहून जास्त पुढच्या फोटोत यावं लागतं. तुमच्या आणि धाकट्या आजोबांच्या फोटोंत सामाईक काहीच नाही."

"मग?"

"मधलं दार उघडायला हवं."

थोरला गप्प राहिला. दुपारी त्याने कडीवर तेल सोडलं. थोड्या वेळाने पलीकडूनही ठोकल्याचा आवाज आला.

दार करकरत उघडलं. नात उंबऱ्यात उभी राहिली. एकाच फोटोत इकडचा खांब आला आणि तिकडचं तुळशीवृंदावन. एकेक पाऊल टाकत, दर पावलाला फोटो काढत ती पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी वाडा सलग उभा राहिला.

दोघांच्याही फोटोंत खोटं काही नव्हतं. नव्हती ती दोघांनाही दिसेल अशी एखादी जागा. तेवढ्यावाचून इतक्या निगुतीने टिपलेलं सगळं अर्धंच राहिलं होतं.

एक काम अजून बाकी होतं. नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, माप कळत नाही. एखादं खरं अंतर मोजून द्यावं लागतं. नातीने टेप काढला. एक टोक थोरल्याने धरलं, दुसरं धाकट्याने, आणि मधल्या दारातून टेप चौकभर गेला.

"२६ फूट ४ इंच," धाकटा म्हणाला.

"झोल पडलाय. ताण जरा."

धाकट्याने टेप ताणला. "२६ फूट ३ इंच, दादा."

"हां. आता लिही गं," थोरला नातीला म्हणाला.