अन्न कोणासाठी शिजवावे?

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील तेरावा श्लोक अनेक गृहस्थांच्या नित्यपाठात असतो. जो केवळ स्वतःकरिता अन्न रांधतो तो अन्न खात नाही, पाप खातो, असा त्याचा कठोर आशय आहे. पाठ करताना गृहस्थाची वाणी येथे अडखळत नाही. कारण त्याच्या घरी अन्न एकट्यासाठी कधी शिजतच नाही. परंतु त्याच घरातील मुलगा विसाव्या-बाविसाव्या वर्षी नोकरीनिमित्त परगावी जातो, एका खोलीत बिऱ्हाड थाटतो, मूठभर तांदूळ धुऊन शेगडीवर चढवितो आणि एकट्याचेच पान वाढून घेतो. लहानपणी पाठ केलेला तो श्लोक त्या क्षणी त्याच्यासमोर उभा राहतो. या अन्नाला दुसरा भोक्ता नाही. मग हा तरुण पाप खातो काय?

हा प्रश्न शब्दच्छलाचा नव्हे. विद्येसाठी वा उपजीविकेसाठी घर सोडून राहणारी मुले-मुली आज देशाच्या प्रत्येक प्रांतात आहेत. त्यांना स्वयंपाक शिकवावा की नाही, आणि शिकवावयाचा तर केवळ पोटाची सोय म्हणून की धर्माचा भाग म्हणून, याचा निर्णय त्यांच्या मातापित्यांना करावा लागतो.

प्रथम शब्दांचा विचार करावा. ‘स्वयंपाक’ याचा सरळ अर्थ स्वतः केलेला पाक. जो दुसऱ्याच्या हातचे न खाता आपले अन्न आपणच शिजवून घेई, अशा व्रतस्थाला पूर्वी स्वयंपाकी म्हणत. मराठीत मात्र या शब्दाचे नशीब विचित्र झाले. घरात कोणीही शिजविले तरी तो स्वयंपाकच. आणि वेतन घेऊन दुसऱ्यांसाठी रांधणारा तो स्वयंपाकी! ज्याने जन्मात चूल पेटविली नाही असा पुरुषही ‘स्वयंपाक झाला का?’ असे विचारतो, आणि त्या शब्दातील ‘स्वयं’ आपल्याकडे पाहत आहे हे त्याच्या ध्यानी येत नाही.

संस्कृत व्याकरणाने हा भेद अधिक सूक्ष्मपणे जपला आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात असा नियम आहे की, काही धातूंच्या बाबतीत क्रियेचे फळ कर्त्याला मिळावयाचे असेल तर आत्मनेपद योजावे, एरवी परस्मैपद. ‘पच्’ म्हणजे शिजविणे हा अशा धातूंपैकीच एक. स्वतःसाठी शिजवितो तो ‘पचते’, दुसऱ्यासाठी शिजवितो तो ‘पचति’. गीतेच्या प्रस्तुत श्लोकात स्वार्थी पाकाचीच निंदा आहे, तरीही क्रियापद ‘पचन्ति’ असे परस्मैपदी आहे. यात दोष नाही. स्वार्थाचा बोध करून देणारे दुसरे पद वाक्यात असेल तर आत्मनेपद वैकल्पिक होते, हेही त्याच पादात सांगितले आहे. आणि येथे ‘आत्मकारणात्’ हे पद उपस्थित आहे. व्याकरणाचा विषय येथे संपतो, परंतु मननाचा येथून सुरू होतो. क्रियेचे रूप परार्थाचेच राहिले आहे. स्वार्थ तिला वेगळ्या शब्दाने जोडावा लागला आहे. जणू शिजविणे हे कर्म मूळचेच दुसऱ्यासाठी आहे, आणि मनुष्य आपला ‘मी’ त्यावर बाहेरून आणून चिकटवितो.

म्हणून निंदेचा रोख ‘कारणा’वर आहे, पंक्तीत किती जण बसले यावर नाही. पंक्तीला दहा माणसे बसवूनही यजमान केवळ स्वतःच्या मोठेपणासाठी रांधवू शकतो. तेथे भोक्ते दहा असले तरी कारण एकच, त्याचा अहंकार. उलट एकटा जेवणारा तरुण, हे शरीर कर्तव्यासाठी मिळाले आहे, त्याचे रक्षण करणे हीही सेवाच आहे, असे जाणून पहिला घास भगवंताला निवेदन करतो, तेव्हा त्याचा पाक आत्मकारणात् राहत नाही. जे करशील, जे खाशील ते मला अर्पण कर, या नवव्या अध्यायातील आज्ञेत भगवंतांनी जेवणाची पंगत किती मोठी असावी याची अट घातलेली नाही.

तरीही एकट्याच्या पाकावर थांबणे म्हणजे पायरीलाच मंदिर समजणे होय. महात्मा गांधी 1888 साली शिक्षणासाठी विलायतेस गेले. खर्च कमी करण्यासाठी पुढे त्यांनी तेथे एकच खोली घेतली, शेगडी विकत आणली आणि सकाळची ओटची लापशी स्वतः शिजवू लागले. दिवसाचा खर्च त्यांनी एक शिलिंग तीन पेन्सवर आणला. तो एका विद्यार्थ्याचा एकट्याचा पाक होता. पुढे 7 जून 1916 रोजी विनायक नरहरी भावे नावाचा वीस वर्षांचा तरुण अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्यांच्या भेटीस आला, तेव्हा तेच गांधी भाजी चिरीत बसले होते. त्यांनी तरुणाच्या हातीही सुरी दिली. त्याने तोवर असे काम कधी केले नव्हते. ब्रह्मजिज्ञासेने घर सोडून काशीपर्यंत गेलेल्या त्या तरुणाला, म्हणजेच विनोबांना, आश्रमातील पहिला पाठ भाजी चिरण्याचा मिळाला. लंडनच्या खोलीतील ‘पचते’ कोचरबच्या स्वयंपाकघरात ‘पचति’ झाले होते. परंतु पहिले नसते तर दुसरे सहज साधले असते काय? ज्याला स्वतःपुरतेही शिजविता येत नाही तो दुसऱ्यासाठी काय शिजविणार?

येथे विचाराचे दुसरे अंग येते, आणि ते गृहस्थाला अधिक बोचणारे आहे. तेराव्या श्लोकाच्या आधीच्याच श्लोकात, देवांनी दिलेले भोग त्यांना काहीही परत न देता जो भोगतो त्याला भगवंतांनी चोर म्हटले आहे. देवांच्या ऋणाला लावलेला हा न्याय घरातील ऋणालाही लावून पाहावा. जो मुलगा वीस वर्षे आईच्या हातचे जेवला, ज्याला भात किती पाण्यात शिजतो हे ठाऊक नाही, आई तापाने फणफणली असता ज्याला पेजही करता येत नाही, तो कोणत्या वर्गात बसतो? एकट्याचे पान वाढून घेणारा परगावचा तरुण आणि भरल्या घरात आयते ताट ओढून घेणारा हा मुलगा, यांत पापाच्या अधिक जवळ कोण आहे? पहिला निदान आपले ओझे आपण उचलतो. दुसऱ्याला ओझे आहे याचीच जाणीव नाही.

ही जाणीव उपदेशाने होत नाही, हाताने होते. नवशिक्या तरुणाचा पहिला भात करपतो, दुसऱ्या दिवशीचा गिजगा होतो. फोडणीत तो हळद आधी घालतो आणि ती जळते. मोहरी तडतडेपर्यंत थांबावयाचे असते हे त्याला नंतर कळते. तासभर खपून केलेले अन्न दहा मिनिटांत संपते आणि भांडी तेवढी उरतात. त्या उरलेल्या भांड्यांसमोर उभा असताना त्याला एकदम आठवते की, घरी असताना आपण जेवून उठत होतो, पुढे ताटाचे काय होते हे कधी वळून पाहिले नाही. त्या क्षणी त्याचा खरा पाठ सुरू होतो.

आचार्य शंकरांनी याच श्लोकाच्या भाष्यात गृहस्थाच्या पाच हिंसास्थानांचा निर्देश केला आहे. स्मृतीत ती चूल, जाते-पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा अशी सांगितली आहेत. तेथे नकळत जीव दुखावतात, आणि त्या दोषाच्या निवृत्तीसाठी पंचमहायज्ञ विहित आहेत. निर्दोष अन्न जगात नाही, असा याचा अर्थ. चुलीजवळ जो कधी गेला नाही त्याला मात्र आपले अन्न निर्दोष आहे असे वाटते. कारण त्यातील श्रम आणि दोष दोन्ही त्याने दुसऱ्याच्या पदरात टाकलेले असतात.

यावर कोणी स्वधर्माचा आक्षेप घेईल की, स्वयंपाक हे पुरुषाचे कर्म नव्हे. हा आक्षेप आपल्या इतिहासपुराणांपुढे टिकत नाही. अज्ञातवासात भीमसेन विराटाच्या पाकशाळेत बल्लव होऊन राहिला. नलराजाची पाकविद्या एवढी प्रसिद्ध की, बाहुक या विरूप वेषातील पतीची ओळख पटविताना दमयंतीने त्याच्या हातचे अन्नही चाखून पाहिले. राज्य गेले, रूप गेले, परंतु हातची विद्या गेली नाही. मुलीला स्वयंपाक तिचे कर्तव्य म्हणून आणि मुलाला केवळ अडचणीची सोय म्हणून शिकविणे हा भेद धर्माचा नव्हे, सवयीचा आहे. भूक दोघांना सारखी लागते. ऋणही सारखेच आहे.

तेव्हा घर सोडणाऱ्या मुलाला मातापित्यांनी कुकर आणि मसाल्याचे डबे अवश्य द्यावेत, परंतु त्यांबरोबर तीन नियमही द्यावेत. अन्न निवेदन केल्याशिवाय खाऊ नये. शिजविताना एक मूठ अधिक टाकावी; ती शेजाऱ्याच्या, पाहुण्याच्या किंवा दारातील मुक्या जनावराच्या उपयोगी पडेल. आणि सुटीत घरी आल्यावर एक दिवस तरी आईला पाटावर बसवून तिला स्वतः रांधून वाढावे. मीठ कमीजास्त झाले तरी चालेल. जिने जन्मभर ‘पचति’ केले तिच्यासाठी कोणीतरी एकदा ‘पचति’ केले पाहिजे.

पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की, प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन चार प्रकारचे अन्न मीच पचवितो. तेथे त्यांनी आपल्यासाठी योजिलेले क्रियापदही याच धातूचे आहे, ‘पचामि’. तेही परस्मैपदी आहे. आणि तेथे त्याला कोणतेही ‘आत्मकारणात्’ जोडलेले नाही. प्रत्येकाच्या उदरात अहोरात्र चूल पेटती ठेवणारा तो परमात्मा स्वतःसाठी काहीही शिजवीत नाही. परगावच्या एका खोलीत, करपलेल्या भाताचे भांडे घासणारा तरुण नकळत त्याच्याच पाकशाळेत उमेदवारी करीत असतो.