गाऱ्हाण्यातील ‘तू’ : चोखामेळा आणि कर्ममेळा

अन्याय निर्वेधपणे चालू असताना ईश्वर न्यायी कसा, हा प्रश्न तत्त्वचिंतक तृतीय पुरुषात विचारतात. प्रार्थना करणाऱ्याला ती सोय नसते. ज्याच्याविषयी तक्रार, त्यालाच ‘तू’ म्हणून हाक मारायची आणि तो ऐकतो हेही गृहीत धरायचे. मराठीत हा पेच चौदाव्या शतकात चोखामेळ्याच्या घरात फार तीव्रतेने प्रकटला.

चोखोबांच्या अभंगांत दोन सूर ऐकू येतात. एकात ते विठ्ठलाला जाब विचारतात. दुसऱ्यात आपल्या ‘हीन’ जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या दोषात शोधतात, म्हणजे देवाच्या वतीने उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. या दुसऱ्या सुराला कोणी विनम्रता म्हटले, तर कोणी शरणागती म्हणून नाकारले. मला दोन्ही वाचने घाईची वाटतात. येथे बोलतो कोण, हे आधी पाहिले पाहिजे. ज्या व्यवस्थेने चोखोबांना महाद्वाराबाहेर ठेवले, तिनेच कर्मविपाकाची उपपत्ती त्यांच्या मुखी घातली. परक्याचे स्पष्टीकरण आपले म्हणून देवापुढे ठेवले की प्रार्थनेतील सच्चेपणाला तडा जातो. मात्र त्याचा दोष प्रार्थना करणाऱ्याच्या माथी मारणे हा आणखी एक अन्याय ठरेल.

चोखोबा-सोयराबाईंचा मुलगा कर्ममेळा ही उपपत्ती बाजूला सारतो. (त्याच्या नावावर मोजकेच अभंग आहेत, आणि मौखिक परंपरेतून आलेल्या संहितेच्या प्रामाण्याचा प्रश्न आहेच.) उष्ट्यावर जगण्याची लाज तो देवापुढे मांडतो, असा जन्म का दिलास म्हणून विचारतो, आणि उत्तराची जागा रिकामी सोडतो. हा कडवटपणा अश्रद्धेचा पुरावा म्हणून वाचता येईल. पण मग संबोधन का सुटत नाही, याचा उलगडा होत नाही. सांत्वन नाकारूनही तो ऐकणाऱ्याला सोडत नाही. वडिलांनी देवाची बाजू सांभाळली, मुलाने ती देवावरच सोपवली.

एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. दार देवाने बंद केले नव्हते, माणसांनी केले होते. मग गाऱ्हाणे देवाकडे नेल्याने माणसे सुटत नाहीत का? अभंग हा एकांतातला उद्गार नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे लागते. तो कीर्तनात, दिंडीत गायिला जातो. देवाला उद्देशून केलेली तक्रार आत प्रवेश असलेल्यांच्याही कानी पडते. त्यांनी ती ऐकली, गायिली, आणि दार तसेच ठेवले. परंपरेनुसार 1338 साली मंगळवेढ्यात भिंत कोसळून चोखोबा गेले. समाधी महाद्वारासमोर, बाहेरच. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते दार अस्पृश्यांना उघडले, तेव्हा 1947 साल उजाडले होते. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. 1956 मध्ये नागपुरात त्यांनी हिंदू देवदेवतांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा घेतली. अर्पणपत्रिकेत चोखोबा राहिले. त्यांचा ‘तू’ मात्र त्या प्रतिज्ञेत मावला नाही.