सात सोमवार

हैदराबादच्या बेगम बाजारात श्रावण दोनदा लागतो. आधी मारवाड्यांचा, मग पंधरा दिवसांनी आमचा. नांदेडच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते हसतात, आणि इथल्या मारवाड्यांना आमचा श्रावण सांगितला की ते हसतात.

हिशेब साधा आहे. आमचा आणि तेलुगू लोकांचा महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडच्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकच. कृष्ण पक्षाला मात्र ते पुढच्या महिन्याचं नाव देतात. त्यामुळे सणांचं फारसं बिघडत नाही. महाशिवरात्र आमच्या माघात, त्यांच्या फाल्गुनात, पण जागरणाची रात्र तीच. घोळ होतो तो सोमवारांचा. श्रावणी सोमवार तिथीवर नसतो, महिन्यावर असतो. आणि महिना कुठला, यावर तर सगळं अडलेलं. (सरकारी राष्ट्रीय पंचांगाचा श्रावण 23 जुलैला सुरू होतो, तो आणखी निराळा. तो पाळणारं माणूस मला तरी अजून भेटलेलं नाही.)

माझ्या मुलाने दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, भांड्यांच्या मारवाडी व्यापाऱ्याच्या घरातली मुलगी केली, तेव्हा हा घोळ माझ्या स्वयंपाकघरात आला. 2024 साली 21 जुलैला गुरुपौर्णिमा झाली आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, सुनेचा पहिला उपास. आमचा आषाढ अर्धा शिल्लक. 28 तारखेच्या रविवारी लाल दरवाज्याचा बोनालू, कारण तेलुगू लोकांचाही आषाढच. डोक्यावर नैवेद्याचं बोनम घेऊन बायका देवीला निघालेल्या, आणि आमच्या घरी सून दुसऱ्या सोमवारची तयारी करत होती. 4 ऑगस्टला दिव्यांची अवस. आम्ही मासमच्छर खाणारे, त्यामुळे श्रावण लागायच्या आत शेवटचा हात मारून घ्यायचा म्हणून मुलगा सकाळीच मासळी बाजारातून मरळ घेऊन आला. तिच्या श्रावणाला तेव्हा दोन आठवडे झाले होते. ती एरवीही शाकाहारी, तिची भांडी वेगळी; पण त्या दिवशी तिने गॅससुद्धा आमचा उरकल्यावर पुसून घेतला आणि काही बोलली नाही. मलाच कसंसं झालं.

5 ऑगस्टला आमचा पहिला सोमवार. नव्या सुनेची शिवामूठ, म्हणजे आधी तांदूळ, मग तीळ, मूग, जव आणि सातू. तांदळाची मूठ हातात देताना मी म्हटलं, पहिला सोमवार. ती म्हणाली, "मम्मी, मेरा तो तीसरा है." आणि तांदूळ वाहिले.

माझा भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "आत्या, यावरूनच कळतं ना, पवित्र सोमवार असं काही नसतंच. सगळं माणसांनी ठरवलेलं." ठरवलेलं आहे, हे मला मान्य. चंद्र दोन्ही घरांवर सारखाच उगवतो आणि महिन्याचं नाव तो काही सांगत नाही. पण माणसांनी ठरवलं म्हणजे मी ठरवलं, असं होत नाही. सोमवारी मला लग्नाला जायचंय म्हणून उपास बुधवारी करते, असं मला म्हणता येईल का? म्हटलं तरी तो उपास होणार नाही, नुसतं जेवण चुकेल. माझ्या आजेसासूच्या आधीपासून जे चालत आलं, ते माझ्या सोयीने हलत नाही. देवाला बांधून घ्यायचं तर गाठ आपल्या हाताने सुटणारी नसावी, एवढंच मला कळतं. भाच्याने सुटसुटीत उत्तर मागितलं होतं. माझ्याकडे तेवढंच होतं.

पण सुनेला हे लागू पडत नाही, हे मला नंतर सुचलं. तिच्या पुढ्यात चालत आलेल्या दोन रीती आहेत आणि एकही तिच्या मर्जीची नाही. विहीणबाईंना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, लग्नानंतर सासरचाच सावन. मी मात्र तिला म्हटलं होतं, माहेरचा सोडू नकोस. म्हणजे आम्ही दोघींनी उदारपणा दाखवला आणि ओझं सगळं तिच्यावर टाकलं.

तिने सातही सोमवार केले, 22 जुलैपासून 2 सप्टेंबरपर्यंत. मधले तीन दोन्ही घरांचे. 19 ऑगस्टला राखीपौर्णिमेला तिचा सावन संपला. 26 तारखेला सोमवारीच गोकुळाष्टमी आली. माहेरी तोवर भाद्रपद लागलेला, आमच्याकडे श्रावणातला चौथा सोमवार. तिने जवाची मूठ वाहिली आणि रात्री माहेरी जाऊन पाळणा हलवून आली. पोळ्याच्या अवसेला, शेवटच्या सोमवारी, सातू वाहून झाल्यावर तिने हसत विचारलं, "आई, ते पहिले दोन सोमवार कोणाच्या खात्यात?" त्या दिवशी ती मला पहिल्यांदा आई म्हणाली, पण ते राहू दे. मी म्हटलं, तुझ्या सासऱ्यांना विचार, खातेवह्या ते लिहितात. हे बाजारातल्या पेढीवर मुनीम. चष्मा न काढता म्हणाले, "आधी सात सोमवारांचा साबुदाणा कुणाच्या नावे मांडायचा, ते ठरवा."