पत

मराठींतील ‘पत’ हा शब्द मोठा अर्थवाही आहे. ‘त्याची बाजारांत पत आहे’ असें म्हणतांना तो मनुष्य पैसे फेडील एवढेंच आपण सांगत नाहीं. तो दिल्या शब्दाला जागेल, असेंही सुचवितों. हीं दोन विधानें वस्तुतः एकच आहेत काय, हा प्रश्न पन्नाशी उलटेपर्यंत मला पडला नव्हता. तो पडला परदेशीं, एका बँकेंत.

अध्यापनाच्या निमित्तानें वर्षभर अमेरिकेंत राहण्याचा योग आला होता. पासपोर्ट आणि विद्यापीठाचें पत्र दाखवितांच बँकेंत खातें उघडलें; पण क्रेडिट कार्डाचा अर्ज मात्र नाकारण्यांत आला. कारण विचारलें तेव्हां तेथील तरुणीनें सौजन्यानें सांगितलें, “आपल्या नांवावर कसलाही इतिहास नाहीं.” तीस वर्षें इतिहास शिकविणाऱ्या मनुष्यास हें ऐकावें लागावें, ह्यांतील विनोद तिच्या ध्यानांत येण्यासारखा नव्हता.

माझे वडील शाळामास्तर. वाण्याकडे उधारीची वही म्हणून त्यांनीं कधीं ठेवली नाहीं. देव, ऋषि आणि पितर ह्यांचें ऋण घेऊनच मनुष्य जन्मतो असें आपलीं शास्त्रें सांगतात. वडिलांना तेवढें ऋण पुरेसें वाटे. त्यांचाच कित्ता मीं गिरविला. आणि ज्या गोष्टीचा जन्मभर अभिमान वाहिला, नेमकी तीच तेथें उणीव ठरली.

तेथें पत अंकांत मोजतात. १९८९ पासून प्रचारांत आलेल्या ‘फायको’ पद्धतींत ३०० ते ८५० असे गुण पडतात. देणीं वेळेवर फेडलीं कीं नाहीं ह्याला सुमारें ३५ टक्के वजन, कर्जाचा व्यवहार किती जुना ह्याला सुमारें १५ टक्के. पगार किती, शिल्लक किती, ह्यांना त्यांत स्थानच नाहीं. आयुष्यभर रोखीनें वागलेला मनुष्य ह्या हिशेबापुरता जन्मलेलाच नसतो! शेवटीं तीनशें डॉलर अनामत ठेवून तेवढ्याच मर्यादेचें कार्ड मीं घेतलें. खिशांत पैसे असतांना दूध-पाव उधारीवर आणावयाचे आणि महिनाअखेर तें देणें फेडावयाचें, हा प्रामाणिकपणाचा सराव मला नाटकी वाटे.

परंतु ह्या पद्धतीला नुसतें हंसणें अन्यायाचें होईल. १९१२ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढें जे. पी. मॉर्गन ह्यानें साक्ष दिली कीं, कर्ज देतांना आपण पैशाच्या व मालमत्तेच्या आधीं माणसाचें शील पाहतों. विचार थोर खरा. पण शील पाहणारा डोळा कोणाचा? १९७४ चा कायदा होईपर्यंत पतीच्या सहीवांचून विवाहित स्त्रीला कर्ज न देणाऱ्या पेढ्या त्याच देशांत होत्या. अंकाला निदान डोळे नाहींत. माझा वर्ण, माझे उच्चार ह्यांची त्यानें विचारपूस केली नाहीं.

आणि तरीही त्या दिवसांत मला तारलें तें अंकानें नव्हे. इतिहास नसल्यामुळें घरमालकानें जादा भाडें आगाऊ मागितलें, आणि घरून पाठविलेले पैसे पोंचावयास अवधि होता. शेजारीं एक सोलापूरचे गृहस्थ राहत. चार दिवसांची ओळख. पण त्यांनीं बाराशें डॉलर हातावर ठेवले. मी चिठ्ठी लिहून देऊं लागलों, तेव्हां ते किंचित् दुखावले. तीन आठवड्यांनीं रक्कम परत केली. पुढें सात महिन्यांनीं मला जो अंक मिळाला, त्यांत ह्या व्यवहाराची नोंद अर्थातच नाहीं.

हा प्रसंग मीं मित्रांना पुष्कळदां अभिमानानें सांगितला आहे. मात्र सांगतां सांगतां एक शल्य बोंचूं लागलें. त्यांनीं माझ्यांत काय पाहिलें? शील पाहण्यास चार दिवस पुरत नाहींत. त्यांनीं ऐकली ती माझी मराठी. मग तीही तारणच नव्हे काय? आणि ज्याच्यापाशीं हें तारण नाहीं, त्यानें कोठें जावें?

परतण्याच्या आदल्या संध्याकाळीं धीर करून मीं त्यांनाच विचारलें, “माझ्या जागीं परभाषेचा कोणी आला असता, तर दिले असते?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खरें सांगूं, सर? दार उघडलें असतें. पैशांचें सांगवत नाहीं.”